लाइट म्हणजे लाइट

गोगलगाय दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या पोटात अजून पुस्तकांचा वास होता. पूर्वी ती फिरत्या वाचनालयाची गाडी होती. माझ्या नवऱ्याने ती जुन्या बाजारातून घेतली, आत पलंग, ओटा आणि उभं राहून हात धुता येतील एवढं बाथरूम बसवलं. पाठीवर घर घेऊन फिरणार म्हणून नाव ठेवलं गोगलगाय. चढावर ती खरोखरच त्या वेगाने चालते, हे त्याला नंतर कळलं.

बघणाऱ्यांना वाटायचं, हौस आहे. पण गाडी घेतली होती सासूबाईंसाठी. त्यांचा झोपेत श्वास अडकतो. रोज रात्री नाकावर मास्क लावून एका लहानशा मशीनची हवा घ्यावी लागते, आणि एकही रात्र मशीनशिवाय नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मावशी, म्हणजे त्यांची थोरली बहीण, राहते तीन दिवसांच्या अंतरावर. मावशीच्या गुडघ्यांनी संप केलेला, त्यामुळे ती येऊ शकत नाही. तिच्या गावात लाइट पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यापेक्षा लवकर जाते, त्यामुळे आई, म्हणजे सासूबाई, जाऊ शकत नाहीत. सहा वर्षं दोघी रोज चार वाजता फोनवर भांडतात, आणि त्यालाच भेट म्हणतात.

म्हणून ही गाडी. लाइट असो वा नसो, मशीन गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चाललं पाहिजे. मशीन जुनं; बॅटरीला थेट जोडायची सोय त्याला नाही. म्हणजे मध्ये इन्व्हर्टर हवा, जो बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देतो.

या सगळ्याला मंजुरी देणारी व्यक्ती एकच, माझी नणंद, ताई. ती नर्स आहे. एकदा आईंना घेऊन ती परगावी हॉटेलात उतरली होती आणि पहाटे लाइट गेली. आई धडपडत उठून बसल्या, तो चेहरा ती विसरलेली नाही.

"आठ तास सलग," ताई म्हणाली. "मी स्वतः घड्याळ घेऊन बसणार. सात तास एकोणसाठ मिनिटांनी बंद पडलं तरी गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

"आणि आठ तास चाललं तर?" आईंनी विचारलं.

"तर मी फाटक उघडून देईन."

रविवारी निघायचं ठरलं. माझ्या कॉलेजातून मला बारा दिवसांची रजा मिळाली होती. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे गणित माझ्याकडे आलं, आणि तारा जोडायचं काम आलं माझ्या दिराकडे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावतो. म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. मी आपली भावोजी म्हणते.

"वहिनी, तुमचं गणित आणि माझे हात," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "बिघडलं तर गणिताची चूक."

"आणि चाललं तर?"

"हातांचा गुण."

इन्व्हर्टरवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. त्याने दुकानात पडलेला एक स्वस्तातला उचलून आणला. त्याची वीज पायऱ्यापायऱ्यांची होती. बल्बला चालते, पण नाजूक मोटरीला सोसत नाही. मशीन त्याला जोडलं तर ते भुंग्यासारखं घोंगावायला लागलं.

"आवाज येतोय म्हणजे जीव आहे त्याच्यात," भावोजी म्हणाला.

"आईंच्या नाकावर भुंगा बांधायचा नाहीये आपल्याला."

मग मी घरच्यासारखी गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर आणला. बॅटऱ्या दोन, बाकाखाली. इन्व्हर्टर त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि मधल्या तारा बोटाएवढ्या जाड. कारण बारा व्होल्टवर तेवढंच काम करून घ्यायचं तर करंट जवळजवळ वीसपट वाहतो. बॅटरीला लागूनच फ्यूज. इन्व्हर्टरला श्वास घ्यायला बाकाच्या फळीला भोकं. ती भोकं पाडताना भावोजी म्हणाला, "घरात एकाला श्वासाचा त्रास आहे तेवढा पुरे."

राहता राहिला जोडणीचा डबा. त्यात दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत फक्त बाहेरून प्लग लावला असेल तेव्हाच वीज येणार. खालच्या ओळीत कायम वीज असणार; बाहेरची असली तर बाहेरची, नाहीतर इन्व्हर्टरची. ही अदलाबदल एक स्विच आपोआप करतो. बॅटरी भरणारा चार्जर वरच्या ओळीत जोडायचा, आणि गाडीत ज्या वस्तू अखंड चालायला हव्यात त्या खालच्या.

गुरुवारी दुपारी सगळ्या वायरी डब्यापर्यंत आल्या आणि भावोजीचा फोन वाजला. दातांच्या एका डॉक्टरांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. डॉक्टर आत, पेशंट बाहेर.

"घाई नाही असं पेशंट म्हणतायत," भावोजीने सांगितलं आणि पिशवी उचलली. "वहिनी, आता फक्त टोकं पट्टीत घालून स्क्रू आवळायचे राहिलेत. बाहेरून येणारी मी वर बसवलीय. बाकीच्यांना चिठ्ठ्या लावल्यात. डोळे मिटून होईल."

यातलं "बाहेरून येणारी मी वर बसवलीय" हे वाक्य नवऱ्याच्या शिवणयंत्राच्या घरघरीत बुडालं. तो बाकावर बसून पडदे शिवत होता.

चिठ्ठ्या कापल्या होत्या वाचनालयाच्या जुन्या कार्डांतून. गाडीच्या खणात गठ्ठाच सापडला होता. मागे पुस्तक परत करण्याच्या तारखांचे शिक्के, पुढे भावोजीचं ठसठशीत अक्षर: मशीन. पंखा. ओटा. लाइट.

इन्व्हर्टरवर चालवायच्या वस्तूंची माझी यादी भिंतीला चिकटवलेली होती. मशीन, पंखा, ओट्याजवळचा प्लग, आणि आईंचा वाचायचा दिवा, जो त्या घरून आणणार होत्या. चार वस्तू, चार चिठ्ठ्या. वरच्या ओळीत एक वायर आधीच बसवलेली दिसली, ती चार्जरची असं मी धरून चालले. धरून चालणं ही गोष्ट मी मुलींच्या वह्यांत लाल शाईने खोडते. त्या दिवशी स्वतः केली. चारही टोकं खालच्या ओळीत घातली, स्क्रू आवळले, प्रत्येक वायर ओढून पाहिली. काम नीटनेटकं झालं होतं.

बाहेरचा प्लग लावला, चार्जर चालू झाला. प्लग काढला, पंखा एका फेरीचीही चूक न करता फिरत राहिला. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ." त्याने बघितलं आणि विचारलं, "पडद्याला झालर लावू का?"

शुक्रवारी सकाळी आठ वाजता परीक्षा सुरू झाली. रात्रीचं काम दिवसा करायचं ठरवलं होतं, म्हणजे सगळ्यांना डोळे उघडे ठेवून बघता येईल. आई नाकावर मास्क चढवून पलंगावर आडव्या झाल्या. डोक्यावरच्या फळीवर अजून वाचनालयाची रंगवलेली अक्षरं होती: मासिकं. त्याखाली आई एखाद्या जाडजूड अंकासारख्या शोभत होत्या. ताई खुर्ची, घड्याळ आणि वही घेऊन दारात बसली.

माझं गणित सरळ होतं. मशीन, पंखा आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून ताशी शंभर वॉट-तास. अर्धी बॅटरी वापरायची म्हणजे बाराशे. बारा तास. अर्धी संपली की इन्व्हर्टरने ओरडून बंद व्हावं असं सेटिंग मी केलं होतं, कारण त्याखाली गेलं की बॅटरीचं आयुष्य कमी होतं. आठ तास हवे होते, बारा हातात होते. मी पेपर तपासायला घेतले.

दहा वाजता आईंनी मास्क बाजूला केला. "पलंग फार सुखाचा केलाय गं. पायाशी अगदी शेक मिळतो."

"आई, मास्क," ताई म्हणाली.

"त्या बाजूला ऊन येतं, आई," मी म्हटलं.

इन्व्हर्टरचा पंखा सारखा फिरत होता. तेही मी उन्हाच्याच नावावर टाकलं. त्या दिवशी उन्हावर मी बरंच काही टाकलं.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडला. मग मशीन थांबलं. पंखा दोन फेऱ्या मारून गप्प झाला. गाडीत इतकी शांतता पसरली की ताईच्या पेनाचा आवाज ऐकू आला. तिने लिहिलं: चार तास पंचवीस मिनिटं.

"संपलं," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

आईंनी मास्क काढला, नळी व्यवस्थित गुंडाळली. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठे तीन-तीन दिवस गाडीत बसवलं असतं." आणि आठ दिवसांपासून भरून ठेवलेली बॅग त्यांनी स्वतः उचलून घरात नेली. बॅगेत मावशीसाठी विणलेला स्वेटर होता. तो त्यांनी सहा वर्षांत तीनदा उसवून पुन्हा विणला होता, कारण फोनवर मावशी दरवेळी वेगळा रंग सांगायची.

भावोजी जेवण सोडून आला.

"गणित चुकलं," तो दारातूनच म्हणाला.

"बॅटऱ्या जुन्या आणल्यात तुम्ही."

"नव्या कोऱ्या आहेत! पावती दाखवू?"

"पावतीवर मशीन चालत नाही, भावोजी."

"आणि कागदावर चालतं का? बारा तास म्हणे! बारा वाजून पंचवीस मिनिटांनी बंद पडलं, एवढंच तुमचं बारा खरं ठरलं."

तो तडक ओळखीच्या गॅरेजमधून बॅटरी तपासायचं यंत्र घेऊन आला. दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत. मी मशीनचा खर्च पुन्हा मोजला, पंख्याचा मोजला. आकडे तसूभर हलले नव्हते. बाहेरचा प्लग लावून आम्ही बॅटरी भरायला ठेवली आणि दोघं समोरासमोर बसलो.

बाराशे वॉट-तास बॅटरीतून गेले होते. साडेचारशेसुद्धा खर्च दिसत नव्हता. साडेसातशेहून जास्त कुठे गेले? वीज सांडत नाही, उडून जात नाही. ती कुठेतरी पोहोचलीच पाहिजे. हे वाक्य मी तेवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्या दिवशी ते माझ्याकडे पाहत होतं.

"उद्या ताईला एखादा तास कमी करायला सांगू या का?" भावोजी हळूच म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"नको. जिवाची भीती मलाही आहे."

चार वाजता आईंचा फोन वाजला. घरात ताई असल्यामुळे त्या बोलायला गाडीत आल्या आणि पलंगावर बसल्या. मी डब्यासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी होते. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून आई फोनवर भाषण केल्यासारख्या बोलतात.

"नाही गं येत! नाही जमत म्हणाले! … अगं, मशीन बंद पडलं मध्येच! … नाही, पलंग फार छान होता. पायाशी कसा शेक येत होता म्हणून सांगू! पण ते बंद पडलं आणि शेकही गेला बघ. भर दुपारी पाय गारगार!"

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

इन्व्हर्टर बंद पडला म्हणून ऊन काही बंद पडत नाही.

"आई, काय म्हणालात?"

"तुझ्याबद्दल नाही बोलत गं!"

"नाही, शेक! कधी गेला शेक?"

"ते ओरडलं ना, त्यानंतर. दहा मिनिटांत." मग फोनमध्ये: "थांब जरा, सून विचारतेय माझा शेक कुठे गेला!"

मी त्यांना उठवलं, गादी उचलली, पायाकडची फळी बाजूला केली. खाली चार्जर होता. हिरवा दिवा लागलेला, अंग गरम. तेवढं ठीक होतं, कारण बाहेरचा प्लग लावलेलाच होता.

"भावोजी, प्लग काढा."

त्याने काढला. हिरवा दिवा विझायला हवा होता. आम्ही तिघंही वाकून त्याच्याकडे बघत होतो. तो काही विझला नाही.

"हा कसा काय चालू?" भावोजी म्हणाला. "हा तर लाइटवर आहे."

"कशावर?"

"लाइटवर! चिठ्ठी नव्हती का लावली? लाइट. वरच्या ओळीत."

मी डबा उघडला. खालच्या ओळीत, शेवटच्या स्क्रूखाली, ठसठशीत अक्षरात: लाइट.

"ही दिव्याची वायर आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"दिव्याची कशाला? दिवा मशीनच्या शेजारच्या प्लगमध्ये लागेल. ही चार्जरची. लाइटला जोडायची म्हणून लाइट लिहिलं."

"मग चार्जर लिहायचं ना!"

"दुसऱ्या टोकाला चार्जर दिसतोच आहे की! ती कुठे जोडायची ते लिहायचं असतं. आम्ही तसंच लिहितो."

"बाहेरून येते तिला वीज म्हणतात, भावोजी. लाइट म्हणजे दिवा."

"लाइट म्हणजे लाइट!" त्याने कंबरेवर हात ठेवले. "वहिनी, तुमच्या घरी काय जाते हो? वीज जाते का लाइट जाते? परवाच फोन केलात मला, काय म्हणालात? 'भावोजी, आमच्याकडे वीज खंडित झाली आहे,' असं म्हणालात?"

मी म्हणाले होते, "आमच्याकडे लाइट गेलीय." गेली तीस वर्षं मी तेच म्हणते आहे. आई तर मनगटावर तोंड दाबून हसत होत्या.

मग मी खाली बसले आणि झालं काय होतं ते त्यांना सांगितलं. बॅटरीतून वीज इन्व्हर्टरमध्ये, इन्व्हर्टरमधून चार्जरमध्ये, चार्जरमधून परत त्याच बॅटरीत. गोल. प्रत्येक फेरीत थोडी थोडी उष्णता होऊन आईंच्या पायाखाली सांडत होती. दरवर्षी परीक्षेत मी एक प्रश्न घालते: मोटरने जनित्र फिरवलं आणि जनित्राने तीच मोटर चालवली, तर असं यंत्र किती वेळ चालेल? अर्ध्या मुली लिहितात, कायम. मी लिहिते, शून्य गुण. आता मला नेमका आकडा माहीत झाला होता. चार तास पंचवीस मिनिटं.

"म्हणजे गणित बरोबर होतं," भावोजी म्हणाला.

"आणि हातही," मी म्हटलं. "फक्त शब्द चुकला."

"कुणाचा?"

"त्यावर ताईसमोर बोलू नका."

वायर खालच्या ओळीतून काढून वरच्या ओळीत घालायला चार मिनिटं लागली. प्लग काढला. हिरवा दिवा विझला. अंधार बघून इतका आनंद मला क्वचितच झाला आहे. चिठ्ठीवर आता काय लिहायचं यावरून पुन्हा जुंपली. मी म्हणे वीज, तो म्हणे लाइट. शेवटी आईंनी पेन घेतलं आणि नव्या कार्डावर लिहिलं: "चार्जर. वर. पुन्हा भांडू नये."

ताईने सगळं ऐकून घेतलं. तिचं पेन ओठांवर होतं, त्यामुळे ती हसली की नाही ते सांगता येणार नाही. "उद्या सकाळी आठला," एवढंच म्हणाली. "आणि पहिल्यापासून."

शनिवारी आठ वाजता आई पुन्हा मासिकांखाली आडव्या झाल्या. मी पेपर आणले नव्हते. इन्व्हर्टरचा पंखा आज गप्प होता. अधूनमधून जरासा फिरे आणि थांबे. दहाला आईंनी मास्क काढून तक्रार केली, "पाय गार पडलेत."

"छान!" मी आणि भावोजी एकदम म्हणालो.

"सुनेला आनंद झालाय बघ, माझे पाय गार पडले म्हणून," आई ताईला म्हणाल्या. नवऱ्याने पडद्याच्या उरलेल्या कापडातून त्यांना पायमोजे शिवून दिले. झालरीसकट.

बारा पंचवीसला सगळ्यांच्या नजरा इन्व्हर्टरवर होत्या. बारा सव्वीसला भावोजीने खिशातला टेस्टर काढून पुसला आणि परत ठेवला. दीड वाजता आईंना खरीखुरी झोप लागली. मशीनचा आवाज त्यांच्या श्वासाबरोबर सावकाश वर-खाली होत राहिला, आणि ताई घड्याळाऐवजी त्यांच्याकडे बघत बसली.

चारला तिने वहीत लिहिलं: आठ तास. मीटरवर अजून चार तासांची बेगमी शिल्लक होती. तिने वही मिटली, घरात गेली आणि आईंची बॅग घेऊन आली. दुसऱ्या हातात तिची स्वतःची बॅग होती.

"फाटक उघडून देणार होतीस ना?" भावोजी म्हणाला.

"उघडते. पण बंद बाहेरून करेन." तिने बॅग बाकावर टाकली. "मी पलंगाशेजारी झोपणार आहे. घड्याळ घेऊन."

तेवढ्यात फोन वाजला. आई जाग्या झाल्या, मास्क काढला, झालरीचे मोजे घातलेले पाय खाली सोडले.

"हो, येतेय! उद्या निघतोय! … काय? नाही ऐकू आलं! … तुझ्याकडे लाइट नसते? अगं माहितीये मला!" आईंनी जोडणीच्या डब्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "काही बिघडत नाही. तुझ्याकडे लाइट गेली की सरळ माझ्या गाडीत येऊन बस! पायाशी जरा गार लागेल. मोजे घालून ये!"